पुस्तकांच्या कपाटाला कुलूप

‘डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत. गेल्या वर्षी फळ्यावरचं दिसत नाही म्हणाली, तेव्हा दोन्ही डोळ्यांना मायनस पाऊण नंबर निघाला. या जूनमध्ये तो मायनस दीड झाला. मला स्वतःला आठवीपासून चष्मा आहे, आता साडेपाच नंबर आहे. यजमानांना चष्मा नाही. मुलीला वाचनाचा नाद मीच लावला. ती तीन वर्षांची असल्यापासून रोज रात्री गोष्ट वाचून दाखवत होते. मग ती आपली आपण वाचायला लागली आणि थांबेचना. जेवताना पुस्तक, पांघरुणात पुस्तक. नाक पानाला टेकतं की काय असं वाटतं. सासरे म्हणतात, पुस्तकांनीच पोरीचे डोळे घालवले, आमच्या वेळी शाळेत एकालाही चष्मा नव्हता. नंबर वाढल्याचं कळलं त्या दिवशी यजमानांनी गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलं. अभ्यासाची पुस्तकं तेवढी बाहेर. तेव्हापासून ती भेळेचा कागदसुद्धा वाचते आणि माझ्याशी धड बोलत नाही. शाळा अकरा ते पाच, साडेपाच ते सात शिष्यवृत्तीचा क्लास, मग गृहपाठ. चष्म्याच्या दुकानात म्हणाले, नंबर थोडा कमीच देऊ, म्हणजे डोळ्यांना सवय लागणार नाही. म्हणून दीडच्या जागी एकचा चष्मा केलाय. धाकटा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. त्याला चष्मा नाही. आता त्याला वाचायला शिकवायचीच भीती वाटते. वाचनानं खरंच नंबर लागतो का? माझी चूक झाली का?’

— एक आई, सातारा

ताई, नमस्कार.

भेळेचा कागद वाचणाऱ्या मुलीची काळजी कशी करायची, हे मला नीटसं कळत नाही. अशा मुली कुलपाला पुरून उरतात. पण तुमची काळजी खरी आहे आणि नुसतं ‘काही होत नाही हो’ म्हणून मी ती उडवून लावणार नाही.

सुरुवात सासऱ्यांपासून करते. ते अर्धे बरोबर आहेत, आणि घरात अर्ध्या बरोबर माणसाशी वाद घालणं सगळ्यात अवघड असतं.

लिहिणंवाचणं करणाऱ्यांना लांबचं कमी दिसतं, ही शंका डॉक्टरांना फार जुनी आहे. 1813 साली जेम्स वेअर या इंग्रज नेत्रवैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याबद्दल एक टिपण ठेवलं. पायदळाच्या गार्ड पलटणींत दहा हजारांच्या आसपास शिपाई, आणि लांबचं दिसत नाही म्हणून वीस वर्षांत परत पाठवलेले रंगरूट अर्धा डझनसुद्धा नाहीत. उलट ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात 127 विद्यार्थ्यांपैकी 32 जण चष्मा नाहीतर हातातली काच वापरत होते. पुढे 1867 मध्ये हर्मान कोन या डॉक्टरने ब्रेस्लाऊ शहरात आणि आसपासच्या खेड्यांत (तो भाग आता पोलंडमध्ये आहे) 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासले. खेड्यातल्या शाळांत लांबचं न दिसणारी मुलं शंभरात दीडसुद्धा नव्हती. शहरातल्या, भरपूर अभ्यास करून घेणाऱ्या वरच्या शाळांत ती शंभरात सव्वीस होती. इयत्ता चढत जाईल तसा आकडाही चढत होता. तिथून पुढे युरोपातल्या शाळांमधल्या बाकांची उंची, खिडक्या आणि पुस्तकांतलं अक्षर यांवर खूप वाद झाले. आज आपण मुलांना ‘पाठ ताठ ठेव’ म्हणतो, त्यात त्या वादांचा थोडा वाटा आहे.

तुमच्या सासऱ्यांचा ‘आमच्या वेळी’ हा मुद्दा तर अलास्कातही सापडला. तिथल्या बॅरो गावातल्या इनुइट, म्हणजे त्या बर्फाळ भागातल्या मूळ रहिवासी, कुटुंबांची पाहणी 1969 साली प्रसिद्ध झाली. शिकारीवर वाढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या जुन्या पिढीत लांबचं न दिसणारा एखादाच. त्यांच्या शाळेत गेलेल्या मुलानातवंडांमध्ये मात्र निम्म्याहून जास्त. एका पिढीत रक्त बदलत नाही, दिवस कसा जातो ते बदलतं. अर्थात सासऱ्यांच्या वर्गात एकालाही चष्मा नव्हता, यातला काही भाग असाही असणार की तेव्हा कुणी तपासतच नव्हतं. मागच्या बाकावर बसून ‘ढ’ ठरलेल्या मुलांपैकी कितींना फळाच दिसत नव्हता, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी पाहणी इस्रायलमधली आहे, 1993 सालची. कर्मठ ज्यू घरांतली मुलं आणि मुली वेगवेगळ्या शाळांत शिकतात. मुलगे लहानपणापासून दिवसाचे कितीतरी तास बारीक टायपातले धर्मग्रंथ पुढेमागे झुलत वाचतात, मुलींचं शिक्षण साधारण इतर शाळांसारखं. त्या मुलग्यांपैकी 81 टक्क्यांना मायनस नंबर होता. त्याच समाजातल्या मुलींमध्ये 36 टक्के. सर्वसाधारण शाळांतल्या मुलग्यांत 27 टक्के. आईबाप तेच, घर तेच, जेवण तेच. वेगळं काय, तर पुस्तकापुढे बसण्याचे तास. आपल्याकडेही 2015 मध्ये दिल्लीच्या एम्सने शहरातल्या जवळपास दहा हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात 13 टक्के मुलांना मायनस नंबर निघाला, आणि दिवसाला पाच तासांहून जास्त वाचन-लेखन करणाऱ्यांमध्ये तो जास्त होता.

एवढं सांगून मी तुमच्या यजमानांच्या हातात कुलपाची दुसरी किल्ली दिली, असं वाटेल. थांबा जरा.

सिडनी आणि सिंगापूर अशा दोन शहरांतल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना 2008 साली झाली. वंश एक, आईवडिलांच्या चष्म्यांचं प्रमाणही जवळपास सारखं. सिंगापूरमध्ये 29 टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत 3 टक्क्यांच्या थोडं वर. वाचनाचा हिशेब काढला तेव्हा सगळेच चक्रावले, कारण आठवड्याला जास्त पुस्तकं सिडनीची मुलं वाचत होती! मोठा फरक निघाला तो घराबाहेर घालवलेल्या वेळात. सिडनीची मुलं आठवड्याला जवळजवळ चौदा तास बाहेर, सिंगापूरची तीन तास.

मग चीनमधल्या ग्वांगजोऊत प्रयोगच केला गेला. काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा जास्तीचा मैदानाचा तास दिला, बाकीच्या शाळा होत्या तशा चालू ठेवल्या. तीन वर्षांनी मोजलं, तर मैदानवाल्या शाळांत 30 टक्के मुलांना नव्याने नंबर लागला होता, बाकीच्यांत साडेएकोणचाळीस टक्के. पुस्तकं कुणाचीही काढून घेतली नव्हती. तैवानने 2010 पासून शाळांमध्ये दिवसाला 120 मिनिटं बाहेर, असा कार्यक्रमच घेतला, आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला त्यांचा आकडा उतरायला लागला.

म्हणून माझं मत विचाराल तर असं आहे: वाचन निर्दोष नाही, पण एकटं गुन्हेगारही नाही. पुस्तक डोळ्यांच्या जवळ येतं हा एक भाग, आणि पुस्तकात असलेलं मूल उजेडात नसतं हा दुसरा. हे दोन भाग एकमेकांत इतके गुंतलेत की संशोधकांनाही ते पूर्ण सोडवता आलेले नाहीत. ब्रिटनमधल्या सुमारे 68 हजार माणसांच्या जनुकांवरून 2018 मध्ये हिशेब केला, त्यात शिक्षणाचं प्रत्येक जास्तीचं वर्ष सुमारे पाव नंबर वाढवतं असं दिसलं. उलट दिशेने, म्हणजे नंबर असल्यामुळे माणूस जास्त शिकतो, असं दिसलं नाही. ‘हुशार मुलांना चष्मा लागतो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण शिक्षणाचं वर्ष म्हणजे वाचन, परीक्षा, क्लास, खोली, ट्यूबलाइट असं सगळं एकत्र आलं. त्यातून नेमकं पुस्तकच उचलून कुलपात टाकणं हा सोपा उपाय झाला, बरोबर उपाय नव्हे. शिवाय तुमच्या घरात कुलूप गोष्टींच्या पुस्तकांना लागलं, शिष्यवृत्तीच्या पुस्तकांना नाही. डोळ्याला त्यातला फरक कळत नाही हो.

आता डोळ्यात नेमकं होतं काय, ते सांगते.

जन्मतः डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा 24 च्या आसपास. वाढताना तो स्वतःचं माप स्वतःच जुळवत असतो, म्हणजे समोरच्या वस्तूची प्रतिमा बरोबर मागच्या पडद्यावर पडेल इतकाच लांब होतो. हे जुळवणं फसलं आणि डोळा गरजेपेक्षा लांब झाला, की लांबच्या वस्तूंची प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. यालाच मायोपिया म्हणतात. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. खसखशीचा दाणा डोळ्यांपुढे आणा, साधारण तेवढाच फरक. तुमच्या साडेपाच नंबरात असे दोन दाणे आहेत.

वाचताना डोळ्यातल्या भिंगाला जोर लावावा लागतो. पुस्तक 33 सेंटिमीटरवर असेल तर तीन नंबराइतका, 20 वर आणलं तर पाच, आणि नाक टेकवून 10 वर आणलं तर दहा नंबराइतका. अंतर निम्मं केलं की जोर दुप्पट लागतो. बऱ्याच मुलांचं भिंग इतका जोर पूर्ण लावत नाही, थोडं कमी पडतं, आणि मग प्रतिमा पडद्याच्या किंचित मागे पडते. कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांवर मायनस भिंगं लावून प्रतिमा अशी मागे ढकलली, तर त्यांचे डोळे तिचा पाठलाग करत लांब होतात, हे प्रयोगांत पक्कं दिसलेलं आहे. मुलांच्या वाचनातही तसंच घडत असावं, हा अंदाज तिथूनच आला. अंदाज पटण्यासारखा असला, तरी तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. उजेडाचा भाग वेगळाच आहे. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या लांब होण्याला लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं.

आणि उजेड म्हणजे किती? ट्यूब लावलेल्या आपल्या खोलीत दोनतीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा दहा हजारांच्या घरात जातो, भर उन्हात लाखाच्या. पावसाळ्यात आभाळ भरून आलेलं असतानाही अंगणात काही हजार मिळतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते, डोळ्याचा पडदाही उजेडाशी जुळवून घेतो, आणि दोघं मिळून आपल्याला फसवतात. ‘खोलीत भरपूर उजेड आहे’ असं पालक ठामपणे म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही, फक्त मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप उघडून आधी खोलीत आणि मग गच्चीवर धरायला सांगते. त्या ॲपचा आकडा अगदी तंतोतंत नसतो, पण डोळे उघडायला पुरतो.

तर तुमच्या लेकीचा दिवस मांडून बघू. अकरा ते पाच शाळा, साडेपाच ते सात क्लास. म्हणजे सूर्य मावळेपर्यंत ती कुठल्या ना कुठल्या छपराखाली आहे. क्लासहून आल्यावर तुम्ही तिला खाली खेळायला पाठवलंत तरी दिवेलागण झालेली असते. खेळ म्हणून तो छानच, पण डोळ्यांच्या हिशेबात तो उजेड धरता येत नाही. माझा राग पुस्तकांवर नसून या साडेपाचच्या क्लासवर आहे. जमलं तर त्याची सकाळची बॅच घ्या. नाही जमलं तर सकाळ मोकळी आहेच: सात ते पावणेआठ बाहेर, शाळेत चालत जाणं-येणं वीस-पंचवीस मिनिटं, मधल्या सुट्टीत डबा वर्गात न खाता मैदानात झाडाखाली, आणि शाळा सुटल्यावर क्लासला जाण्याआधी अर्धा तास मैदानातच. सगळं मिळून दोन तासांच्या आसपास होतं. खेळलीच पाहिजे असं नाही. बसली, भटकली, भावाशी भांडली तरी चालेल. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र बाहेर काढू नका. सकाळी साडेनऊच्या आत आणि साडेचारनंतर, टोपी घालून, सावलीत. सूर्याकडे बघायचं नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाहेरच्या उजेडाचा सगळ्यात पक्का फायदा नंबर लागण्याआधी होतो. एकदा लागल्यावर वाढीचा वेग त्याने कितपत कमी होतो, याचे पुरावे तेवढे भक्कम नाहीत. म्हणजे लेकीसाठी तुम्ही जो दिनक्रम बसवाल, त्याचा खरा लाभ तुमच्या धाकट्याला होईल. त्याला वाचायला जरूर शिकवा. फक्त त्याची सकाळसुद्धा बहिणीबरोबर बाहेर जाऊ दे. आणि तो तक्रार करत नसला तरी एकदा त्याचे डोळे थेंब टाकून तपासून घ्या. सहाव्या वर्षी डोळ्यात थोडा प्लस नंबर शिल्लक असायला हवा, साधारण पाऊण किंवा जास्त. तो त्याहून कमी असेल, तर पुढे मायनस लागण्याची शक्यता बरीच वाढते. चष्मा लागण्याआधी मिळणारी ही फार उपयोगी खूण आहे आणि आपल्याकडे ती फार थोडे पालक बघतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत आईवडील दोघांनाही मायनस नंबर असेल तर 33 टक्के मुलांना, एकाला असेल तर 18 टक्के आणि कुणालाच नसेल तर 6 टक्के मुलांना तो निघाला होता. तुमचं घर मधल्या गटातलं.

तुम्ही विचारलंत, माझी चूक झाली का. वारशाचा जो वाटा तुमच्याकडून गेला, तो द्यायचा की नाही हे तुमच्या हातात नव्हतं. गोष्टी वाचून दाखवल्यात त्या तर तिच्या डोळ्यांनी वाचल्याच नव्हत्या, कानांनी ऐकल्या होत्या. तेव्हा हे सोडून द्या.

चष्म्याचं मात्र सोडू नका. दीड नंबर असताना एकचा चष्मा देणं, ही जुनी समजूत आहे आणि ती चुकीची निघालेली आहे. मलेशियात 94 मुलांवर हे करून पाहिलं. 2002 साली त्याचा निकाल आला, तर मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्तच वाढला. चष्म्याची ‘सवय’ लागते म्हणजे काय, तर स्वच्छ दिसायची सवय लागते. ती लागू द्यावी.

पण त्याआधी तो दीड खरा आहे का ते बघा. दुकानातल्या यंत्रात डोकावताना लहान मुलं नकळत जवळ बघितल्यासारखा जोर लावतात आणि मायनस आहे त्यापेक्षा जास्त निघतो. म्हणून मुलांचा नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, भिंगाचा स्नायू सैल करणारे थेंब टाकूनच ठरवायचा. जमेल तिथे डोळ्याची लांबीही मोजून घ्या. त्या यंत्राला काही मिनिटंही लागत नाहीत, दुखत नाही, आणि पुढच्या सहा महिन्यांत खरंच काय चाललंय हे नंबरापेक्षा तो मिलिमीटरचा आकडा जास्त चोख सांगतो.

वर्षात पाऊण नंबर वाढला असेल, तर डॉक्टर वाढ मंदावण्याचे उपाय सुचवतील. एक म्हणजे रोज रात्री ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब. किती सौम्य ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुसरा म्हणजे खास काचांचे चष्मे, ज्यांत मधला भाग नेहमीचा आणि भोवती बारीक बारीक भिंगांची नक्षी असते. हाँगकाँगमधल्या एका चाचणीत अशा काचांनी दोन वर्षांत वाढ निम्म्यावर आली. ते साध्या चष्म्याहून बरेच महाग पडतात. घरच्या बजेटात बसत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, थेंब तुलनेने स्वस्त असतात. हे उपाय वाढीला ब्रेक लावतात, आधीचा नंबर घालवत नाहीत. नंबर घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती दिसल्या, की पान उलटा.

घरगुती उपायांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण आज ना उद्या कुणीतरी सांगणारच. गाजर खाल्ल्याने नंबर कमी होत नाही. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तो आजार वेगळा. डोळ्यांत मध, गुलाबपाणी वगैरे काहीही घालू नका. सकाळी हिरवळीवर अनवाणी चालायचा सल्ला मात्र मला आवडतो. दवाने आणि गवताने काही होत नाही, पण मूल सकाळी तासभर उजेडात येतं! आपल्या आज्यांचा हा उपाय चुकीच्या कारणासाठी बरोबर होता.

आता वाचायचं कसं. सिडनीच्या मुलांमध्ये असं दिसलं होतं की एकूण किती तास वाचलं यापेक्षा पुस्तक किती जवळ धरलं आणि न थांबता किती वेळ वाचलं, याचा नंबराशी जास्त संबंध आहे. 30 सेंटिमीटरपेक्षा जवळ आणि अर्ध्या तासाहून जास्त सलग, ही दोन्ही लक्षणं तुमच्या लेकीत ठासून भरलेली दिसतात. यावर माझा उपाय साधा आहे. घरात एक फुटाची पट्टी असेलच. तिचं एक टोक पुस्तकावर, दुसरं गालाला. त्याच्या आत पुस्तक यायचं नाही. रोज पट्टी धरायची गरज नाही, आठवडाभर खेळ म्हणून केलं की मुलांना अंदाज येतो. पलंगावर पालथं पडून किंवा पांघरुणात वाचताना हे अंतर टिकतच नाही. हात दुखायला लागले की पुस्तक आपोआप खाली येतं. म्हणून वाचायचं ते टेबलाशी किंवा भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी आणि उशीवर पुस्तक. मंद दिव्यात वाचल्याने डोळे ‘जात’ नाहीत, पण अक्षर नीट दिसेना झालं की मूल पुस्तकाच्या जवळ सरकतं, म्हणून दिवा चांगला हवा. दर प्रकरणानंतर उठून खिडकीतून लांब बघायचं. पूर्वी दर वीस मिनिटांनी सांगायचो, पण गोष्टीत रमलेली मुलगी घड्याळ बघत नाही. प्रकरण संपलेलं तिला कळतं. प्रकरणं फार लांब असतील तर खुणेची दोरी वीस पानांवर घालून ठेवा.

पुस्तक आणि मोबाइल यांत निवडायचं झालं, तर मी डोळे मिटून पुस्तक निवडेन. मोबाइल मुलं पुस्तकापेक्षाही जवळ धरतात आणि त्याचं पान संपत नाही.

हे सगळं कशासाठी, तर मायनस दीड हा काही आजार नाही. चष्म्याने तो पूर्ण भागतो. चिंता असते ती दहाव्या वर्षी दीड असलेला नंबर सोळाव्या वर्षी सहाच्या पुढे जाण्याची, कारण तिथून पुढे पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याचा मधला भाग झिजणं यांचा धोका वाढत जातो. आणि यावरून तुम्हालाच एक विचारते: साडेपाच नंबरवाल्या आईने स्वतःचा पडदा शेवटचा कधी तपासून घेतला? वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासून घ्या. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखं चमकलं किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठा.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना सांगा, डॉक्टर म्हणाल्या की आजोबा बरोबर बोलतात, तुमच्या वेळी मुलं उन्हात असायची. आणि मग रोज सकाळी सात वाजता दोन्ही नातवंडं त्यांच्या हवाली करा. घरात त्या वेळी तेच एकटे मोकळे असतील, असा माझा अंदाज आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहून मुलांना उजेड शोधावा लागू नये.

कपाटाची किल्ली यजमानांनीच तिला परत द्यावी, तुम्ही नको. कुलूप त्यांनी लावलं होतं.

आणि डॉक्टरांकडे थेंबांच्या तपासणीला जाल त्या दिवशी शाळेला सुट्टी घ्या आणि टोपी बरोबर ठेवा, उन्हाने तिचे डोळे दिपतील. घरी आल्यावर दिवसभर, कदाचित दुसऱ्या दिवशीही, तिला जवळचं धूसर दिसेल आणि पुस्तक हातात घेतलं तरी वाचता येणार नाही. ती चिडचिड करेल. त्या रात्री पूर्वीसारखी तुम्हीच तिला गोष्ट वाचून दाखवा. धाकट्यालाही शेजारी बसवा.